अथेन्सची अक्रोपोलिस टेकडी आणि तिच्या पायथ्याचे संग्रहालय: आधी काय पाहावे?

युरोपच्या सहलीत अथेन्स असेल, तर अथेना देवीचे पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर असलेली अक्रोपोलिसची टेकडी कार्यक्रमात असतेच. टेकडीच्या पायथ्याशी असलेले अक्रोपोलिस संग्रहालय मात्र बहुतेक सहल कंपन्यांच्या पत्रकात 'वेळ उरल्यास' या सदरात ढकललेले दिसते, आणि वेळ सहसा उरत नाही. दोन्ही ठिकाणे सावकाश पाहिल्यानंतर हा क्रम साफ उलटा हवा, असे माझे मत झाले आहे. संग्रहालय आधी पाहिले, तर वरचा प्रत्येक भग्न खांब काही सांगू लागतो. टेकडी आधी पाहिली, तर उन्हात चढून आल्याचे समाधान आणि मोबाईलमधली छायाचित्रे याखेरीज फारसे हाती लागत नाही. म्हणून या परीक्षणात मी दोन्ही जागा एकत्र घेतल्या आहेत, आणि ज्या क्रमाने त्या पाहाव्यात असे मला वाटते त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी तिकिटांविषयी, कारण घोटाळे होतात ते इथेच. टेकडी आणि संग्रहालय यांची व्यवस्था वेगळी, तिकिटे वेगळी आणि संकेतस्थळेही वेगळी आहेत. पूर्वी टेकडीसह प्राचीन अगोरा (जुना बाजारचौक) वगैरे इतर अवशेषस्थळांचे एक एकत्रित तिकीट मिळत असे. एप्रिल २०२५ पासून ते बंद झाले आणि एकट्या टेकडीच्या प्रवेशाचा दर २० युरोंवरून ३० युरोंवर गेला. चौघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम नगण्य नाही. सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा आहे आणि तिकीट ठरावीक वेळेचेच मिळते, त्यामुळे आयत्या वेळी खिडकीवर जाऊन बघू, हा आपल्याकडचा बेत उन्हाळ्यात तरी चालण्यासारखा नाही. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे. शोध घेतल्यावर सर्वांत वर दिसणारी अनेक पाने मध्यस्थांची असतात आणि तेच तिकीट 'रांग टाळा' असे म्हणून चढ्या भावाने विकतात. सुरक्षा तपासणीची रांग कोणत्याही तिकिटाने टळत नाही. ज्यांना गर्दी अजिबातच नको असेल त्यांच्यासाठी ग्रीक सरकारने २०२४ पासून पाच जणांपर्यंतच्या गटाला ५,००० युरोंत, नेहमीच्या वेळेबाहेर खासगी भेटीची सोय केली आहे. देवीच्या दारात पैशाने वेगळी रांग मिळण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. दर मात्र ऐकण्यासारखा आहे.

संग्रहालयाला जायला मेट्रो उत्तम. 'अक्रोपोली' स्थानकातच पार्थेनॉनच्या शिल्पांच्या प्रतिकृती लावलेल्या आहेत, आणि बाहेर पडले की दोन मिनिटांत इमारत समोर येते. स्विस-फ्रेंच वास्तुविशारद बर्नार्ड चुमी यांनी रचलेली ही इमारत जून २००९ मध्ये खुली झाली. पाया खणताना जुन्या अथेन्सची एक संपूर्ण वस्ती सापडली. ती बुजवण्याऐवजी तिच्यावर खांबांच्या आधाराने इमारत उभी करण्यात आली, आणि २०१९ पासून त्या उत्खननात उतरून रस्ते, घरांच्या भिंती, विहिरी आणि स्नानगृहे जवळून पाहता येतात. प्रवेशद्वारापाशी आणि आतही बरीच जमीन काचेची असल्यामुळे पायाखाली सतत ते अवशेष दिसत राहतात. उंचीची भीती असणाऱ्यांनी पहिली काही पावले नजर समोर ठेवून टाकावीत.

आत शिरल्यावर एक रुंद, संथ चढण लागते. तिच्या दोन्ही बाजूंना टेकडीच्या उतारांवर सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत, आणि ही चढण संपते ती पुरातन मूर्तींच्या दालनात. या दालनाला घाईने वळसा घालणारे पुष्कळ दिसतात, कारण पार्थेनॉनचे नाव ऐकून आलेल्या माणसाला पार्थेनॉनच्या आधीच्या या मूर्ती कशासाठी, हे कळत नाही. त्यांची हकीकत अशी: इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजांनी अथेन्स जिंकून टेकडीवरची मंदिरे जाळली आणि मूर्ती फोडल्या. परत आलेल्या अथेन्सवासीयांनी देवीला अर्पण झालेल्या त्या भग्न मूर्ती टाकून न देता टेकडीवरच पुरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या खोदून काढल्या गेल्या, आणि इतकी शतके मातीखाली राहिल्यामुळे काहींवर मूळ रंगांच्या खुणा टिकून राहिल्या. इ.स.पू. ५३० च्या सुमाराची 'पेप्लोस कोरे' ही तरुणीची मूर्ती जवळून पाहिली, तर केसांवर, डोळ्यांत आणि वस्त्रावर रंग दिसतो. ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र संगमरवर, ही आपली पाठ्यपुस्तकी समजूत इथे एका मूर्तीपुढे गळून पडते. दालनात मूर्ती भिंतीला टेकवून न ठेवता मोकळ्या उभ्या केल्या आहेत, वरून दिवसाचा उजेड येतो, आणि कोणत्याही मूर्तीभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. मांडणीतला हा निर्णय मला या संग्रहालयाचा सर्वांत मोठा गुण वाटला.

त्याच मजल्यावर एरेख्थिऑन मंदिराच्या सज्जाचे छत डोक्यावर तोलणाऱ्या स्त्रीमूर्ती, म्हणजे कॅरिअ‍ॅटिड, आहेत. हवेतल्या प्रदूषणाने संगमरवर झिजू लागल्याने १९७९ मध्ये त्या मंदिरावरून काढल्या गेल्या. टेकडीवर दिसतात त्या प्रतिकृती. मूळ सहांपैकी पाच इथे आहेत, सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि संग्रहालयाने तिची जागा मोकळी सोडली आहे. टेकडीवर दुरून त्या एकसारख्या भासतात; इथे मागे जाऊन पाहता येते तेव्हा प्रत्येकीच्या वेणीची घडण निराळी आहे, हे लक्षात येते. जाड वेण्या मानेवरून पाठीवर उतरतात. केसांचे हे घनदाट काम सौंदर्यासाठी तर आहेच, पण छताचे वजन पेलणारी मान नाजूक दिसावी आणि तरी मोडू नये, ही बांधकामातली अडचणही त्यानेच सोडवली आहे. पुढून तोंडे झिजलेली, नाके आणि हात गेलेले. मागून मात्र केसाचा पेड न पेड स्पष्ट. २०११ ते २०१४ या काळात लेझरच्या साहाय्याने त्यांच्यावरची काजळी काढण्यात आली, आणि तेही इथेच, पाहणाऱ्यांच्या समोर. मूर्ती दालनातून हलवल्या नाहीत.

सर्वांत वरचे दालन पार्थेनॉनचे आहे. इमारतीचा हा मजला खालच्या मजल्यांच्या रेषेत न ठेवता किंचित फिरवला आहे, कारण तो समोर ३०० मीटरांवर उभ्या असलेल्या मूळ मंदिराला समांतर हवा होता. दालनाच्या गाभ्याची लांबी-रुंदी मंदिराच्या आतल्या गाभाऱ्याइतकीच आहे, आणि चारही बाजूंच्या काचांतून मान वर केली की ते मंदिर दिसते. मंदिरावर ज्या क्रमाने शिल्पे होती त्याच क्रमाने ती इथे लावली आहेत, पण नजरेच्या टप्प्यात आणून. मंदिरावर हा शिल्पपट्ट इतक्या उंचीवर, स्तंभांच्या रांगेमागे होता की त्या काळी खाली उभ्या माणसाला तो कितपत दिसत असेल, याची शंका येते.

शिल्पपट्टाची एकूण लांबी १६० मीटर. त्यावर ३७८ मानवी व दैवी आकृती आणि दोनशेहून अधिक प्राणी, मुख्यतः घोडे, कोरलेले आहेत. विषय अथेना देवीच्या उत्सवाची मिरवणूक, जिच्या अखेरीस देवीला नवे महावस्त्र अर्पण होत असे. पंढरीच्या वारीत दिंड्या जशा निरनिराळ्या वाटांनी निघून एका ठिकाणी मिळतात, तशी ही मिरवणूक पश्चिमेकडून दोन फाट्यांनी निघून पूर्वेला देवांच्या समोर एकत्र येते. घोड्यांच्या तोंडापाशी नीट पाहिले, तर बारीक छिद्रे दिसतात; ब्राँझचे लगाम तिथे अडकवलेले असत. उत्तरेच्या बाजूला पाण्याच्या घागरी खांद्यावर घेतलेल्या तरुणांचा एक दगड आहे. त्यात तिघे चालत आहेत आणि चौथा वाकून आपली घागर जमिनीवरून उचलत आहे. देवीच्या सोहळ्यात, राज्याच्या खर्चाने, सर्वश्रेष्ठ शिल्पी कामाला लावून घडवलेल्या पट्टावर एका दमलेल्या माणसाला जागा मिळाली, याचे मला विशेष कौतुक वाटले.

याच दालनात संग्रहालयाचा राजकीय हेतू उघड होतो. शिल्पपट्टाचा सुमारे ५० मीटरांचा भाग अथेन्समध्ये, तर ८० मीटरांचा भाग लंडनमध्ये आहे. उस्मानी साम्राज्यातील ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांच्या माणसांनी १८०१ पासूनच्या दशकात ही शिल्पे उतरवून इंग्लंडला नेली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. लंडनमधल्या भागांच्या जागी इथे प्लास्टरच्या प्रतिकृती लावल्या आहेत, त्याही मुद्दाम पांढऱ्याफटक ठेवून. मूळ दगडाचा मधासारखा रंग आणि प्रतिकृतीचा चुनखडी पांढरेपणा शेजारीशेजारी दिसतात. कधी कधी एकाच घोड्याचे धड एका रंगाचे आणि पाय दुसऱ्या रंगाचे. कोणताही फलक न वाचता पाहुण्याचे मत बनते. व्हॅटिकनने आपल्याकडचे तीन तुकडे २०२३ मध्ये परत केले, त्याआधी सिसिलीतील पालेर्मोहूनही एक तुकडा आला. ब्रिटिश म्युझियमला मात्र १९६३ च्या कायद्याने संग्रहातील वस्तू सहसा कायमच्या देऊन टाकता येत नाहीत. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर, हे ज्यांना आठवत असेल त्यांना या दालनात ग्रीकांची तळमळ समजावून सांगावी लागणार नाही.

तरीही एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. शिल्पे नेली गेल्याबद्दल हे संग्रहालय भरभरून बोलते, पण मंदिराच्या मधल्या काळाविषयी त्या मानाने थोडक्यात उरकते. पार्थेनॉन जवळजवळ हजार वर्षे चर्च होते आणि नंतर मशीद होते, म्हणजे अथेनाचे मंदिर म्हणून ते जितकी वर्षे नांदले निदान तितकीच इतर देवस्थाने म्हणूनही नांदले. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर एकोणिसाव्या शतकात टेकडीवरची मशीद, घरे आणि १८७० च्या दशकात मध्ययुगीन मनोराही पाडून टाकण्यात आला. आज दिसणारी 'शुद्ध' प्राचीन टेकडी ही त्या शतकाने केलेली निवड आहे. हे ठळकपणे सांगितले असते, तर संग्रहालयाची बाजू कमकुवत झाली नसती.

आता टेकडी. मुख्य प्रवेश पश्चिमेकडून आहे. दुसरा आग्नेयेला, संग्रहालयाच्या जवळ. मी दुसरा सुचवीन, कारण त्या वाटेने चढताना डायोनिससचे नाट्यगृह लागते, जिथे इस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांच्या शोकांतिका प्रथम सादर झाल्या. पुढे इ.स. दुसऱ्या शतकातले हेरोडिस अ‍ॅटिकसचे नाट्यगृह वरून दिसते, ज्यात २०२५ पर्यंत उन्हाळ्यात कार्यक्रम होत असत. चढ अवघड नाही, पण अडीच हजार वर्षे पावलांनी घासलेला संगमरवर गुळगुळीत झाला आहे आणि कोरड्या हवेतही त्यावरून पाय निसटतो. रबरी तळव्याचे बूट हवेत. टाचांच्या पादत्राणांना मुळातच मनाई आहे.

प्रवेशद्वाराची भव्य इमारत, प्रोपिलाया, इ.स.पू. ४३७ मध्ये सुरू झाली आणि स्पार्टाविरुद्धचे पेलोपोनेशियन युद्ध उद्भवल्यामुळे अपुरी राहिली. काही भिंतींवर दगड उचलताना दोर अडकवण्यासाठी ठेवलेले उंचवटे आजही तसेच आहेत. काम संपल्यावर ते तासून टाकायचे असत, आणि ती वेळ आलीच नाही. हजारो माणसे त्यांच्या शेजारून जातात. उजव्या हाताला नीकी या विजयदेवतेचे छोटे मंदिर आहे. तोफांसाठी बुरूज बांधताना उस्मानी सैन्याने ते दगड दगड करून उतरवले होते, एकोणिसाव्या शतकात ते त्याच दगडांतून पुन्हा उभारले गेले.

पार्थेनॉन हे इ.स.पू. ४४७ ते ४३८ या नऊ वर्षांत उभे राहिले. शिल्पकाम ४३२ पर्यंत चालले. इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस हे वास्तुशिल्पी, फिडियस शिल्पकामाचा प्रमुख, आणि खर्चाचा मोठा भाग अथेन्सने मित्रराज्यांकडून घेतलेल्या खंडणीचा. दगड सुमारे १६ किलोमीटरांवरच्या पेंटेली डोंगरातला. प्रवेश पश्चिमेकडून असल्याने बहुतेक जण मंदिराच्या पाठीमागच्या बाजूसमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. दर्शनी बाजू पूर्वेची आहे, आणि तिकडे गर्दी निम्म्यावर येते. आत जाता येत नाही. मात्र लांबच्या बाजूला पायरीच्या कोपऱ्याशी डोळा आणून पाहावे. सरळ वाटणारी पायरी मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर फुगलेली आहे. खांब आत झुकलेले, कोपऱ्यांतले किंचित जाड, प्रत्येक खांबाचा मध्य हलका फुगीर. म्हणजे या इमारतीत पूर्ण सरळ रेषा जवळजवळ नाहीच, आणि खांबांचा प्रत्येक दगड त्याच्याच जागेसाठी तासलेला.

मधोमध खिंडार पडले आहे ते २६ सप्टेंबर १६८७ चे. उस्मानी सैन्याने मंदिरात दारूगोळा साठवला होता आणि सेनापती मोरोसिनीच्या हाताखालच्या व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. त्यानंतरचे नुकसान डागडुजीने झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते निकोलाओस बालानोस यांनी दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले. प्राचीन कारागीर लोखंडाला शिशाचे वेष्टण देत, ते इथे दिले गेले नाही. लोखंड गंजून फुगले आणि संगमरवर फुटू लागला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या समितीच्या देखरेखीखाली ते सर्व जोड उकलून टायटॅनियम बसवण्याचे काम चालू आहे. परांची आणि क्रेन दिसल्या म्हणून अनेक प्रवासी हिरमुसतात आणि तसे अभिप्राय लिहितात. मला उलट वाटते. नवा पांढरा दगड जुन्याच्या तुटक्या कडेला केसाचेही अंतर न ठेवता कसा बसवला आहे, हे पाहणे ही या भेटीतली मोठी कमाई आहे.

टेकडीच्या पूर्व टोकाला ग्रीसचा ध्वज फडकतो. ३० मे १९४१ च्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सांतास या दोन तरुणांनी इथला नाझी ध्वज उतरवला. त्याची पाटी तिथे आहे. सहल कंपन्यांचे गट इथवर क्वचित येतात, कारण त्यांना दीड तासात खाली बसपाशी पोहोचायचे असते.

व्यवस्थेविषयी मत संमिश्र. २०२०-२१ मध्ये टेकडीवर काँक्रीटच्या रुंद वाटा घातल्या गेल्या आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. दिसायला त्या बेढब आहेत, हे खरे; पण त्यांच्यामुळे आणि उत्तर बाजूला बसवलेल्या नव्या लिफ्टमुळे चाकाच्या खुर्चीवरील माणूस पार्थेनॉनसमोर पोहोचू शकतो. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी या लिफ्टची आधी चौकशी करून ठेवावी. ती अपंगांसाठी आणि चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठी आहे. सावली मात्र वर जवळजवळ नाही. २०२३ च्या उष्णतेच्या लाटेपासून अतितापाच्या दिवशी दुपारी काही तास टेकडी बंद ठेवली जाते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची वेळ घेणे हा पैशांचा जुगार आहे. सकाळी ८ ची पहिली वेळ थंड असते, पण बोटीतून आलेले मोठमोठे गटही सकाळीच येतात. म्हणून मी बंद होण्यापूर्वीच्या दोन-अडीच तासांची वेळ घ्यावी असे म्हणेन. दुपार संग्रहालयात काढावी. तिथे दुसऱ्या मजल्यावर उपाहारगृह आहे आणि त्याच्या गच्चीवरून टेकडी समोर दिसते. शुक्रवारी संग्रहालय रात्री १० पर्यंत उघडे असते, तेव्हा त्या दिवशी क्रमाची अडचणच उरत नाही: दुपारी संग्रहालय, संध्याकाळी टेकडी, आणि काही राहिले असे वाटले तर वेगळ्या तिकिटाचा विचार करून रात्री पुन्हा वरचे दालन.

दोन्हींपैकी एकाच तिकिटाचे पैसे काढायचे ठरले, तर बहुतेक जण टेकडी निवडतील. मी संग्रहालय निवडेन. पार्थेनॉन जवळून न पाहण्याची रुखरुख राहील, हे मान्य. पण समोरच्या फिलोपाप्पू टेकडीवर आणि अरिओपॅगसच्या खडकावर जायला पैसे लागत नाहीत, आणि तिथून अख्खी अक्रोपोलिस दिसते. अरिओपॅगसचा खडक भयंकर निसरडा आहे, तेव्हा लोखंडी जिन्यानेच चढावे.